स्टुलावरचा फर्मा

४ फेब्रुवारी

भिंगरे,

आणि हो, ते स्टूल तिथे मी ठेवलं नव्हतं. ठेवलं असेल तर टेबलावर जागा नव्हती म्हणून ठेवलं. चाळीस वर्षं झाली, आता त्या स्टुलाचं काय घेऊन बसायचं!

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. मोठा पुरस्कार आहे म्हणतात, चांगलं झालं. फोटो बरा आलाय, फक्त हनुवटीखाली हात कशाला? दाढ दुखत असल्यासारखी दिसतेस. सगळे लेखक असाच फोटो काढतात. डोकं इतकं जड असतं का गं?

मुलाखतही वाचली. मी चौथी शिकलेली, म्हणून सावकाश वाचली, आणि सावकाश वाचली म्हणून नीट वाचली. त्यात तू म्हणतेस, "शेवट कुठे थांबवायचा हे मला पहिल्या पुस्तकापासूनच उमगलं होतं." हे तू म्हणालीस, की त्यांनी आपल्या पदरचं घातलं? कारण मला आठवतंय ते वेगळंच. तुझी पहिली कादंबरी आमच्याच छापखान्यात छापली. सोळा-सोळा पानांचे तेरा फर्मे, आणि शेवटी आठ पानांचा अर्धा फर्मा. आम्ही सहाजणी लांब टेबलाभोवती फिरायचो, प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक फर्मा उचलत. फेरी पुरी झाली की हातात पुस्तक. तो शेवटचा गठ्ठा टेबलावर मावला नाही, खिडकीपाशी स्टुलावर गेला. फेऱ्या मारणारी बाई टेबल बघते, स्टूल कशाला बघेल? पाचशेच्या पाचशे पुस्तकं शेवटच्या आठ पानांवाचून शिवली गेली, वर पुठ्ठे चढले. तपासायला मी होते, माझ्याही नजरेतून सुटलं.

तू आलीस, शेवटचं पान उघडलंस आणि हंबरडा फोडलास. मालक पंख्याखाली बसून घामाने निथळत होता. पंधरा दिवसांनी पेपरात कुणी मोठ्या माणसाने छापलं की वा, काय हा शेवट! आणि तू डोळे पुसलेस. मालकाने उरलेले फर्मे रद्दीत घातले. तेव्हापासून तू गप्प, मी गप्प. छान चाललं होतं.

मग आता हे कात्रण मला पाठवायचं कारण काय?

फोन करू नकोस. मला त्यावर ऐकू येत नाही आणि तुला गप्प बसता येत नाही. लिही.

मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

मी स्टुलाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं! कात्रण पाठवलं ते फोटोसाठी. तुला वाटलं मी जाब विचारतेय?

पण तूच विषय काढलास, तर बोलते. ते वाक्य मीच म्हणाले. इतकी वर्षं म्हणत आलेय की आता तोंडातून आपसूक येतं. दोनशे आठव्या पानाच्या तळाशी माझं वाक्य होतं: "कडी वाजली." पुढे पूर्णविराम. एखादी ओळ इकडेतिकडे झाली असती, वाक्य मधेच तुटलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं की पानं गळलीत. पण नेमकं तिथे पान संपलं. एक मुलगी घर सोडून गेलेल्या आईची वाट बघत वाढते, आणि शेवटी कडी वाजते. बस. दारात कोण, ते कुणालाच कळत नाही. त्यावर दोघांनी प्रबंध लिहिलेत. एकाच्या मते दारात काळ उभा आहे. दुसरीच्या मते दारात ती मुलगी स्वतःच आहे. मी दोघांकडेही बघून गूढ हसते. हसण्याशिवाय करणार काय?

पुढे अकरा पुस्तकं लिहिली, त्यांचे शेवट मी मुद्दाम तसेच तोडले. म्हणजे माझी म्हणून जी शैली आहे ती तुमच्या बांधणीखात्यातल्या टेबलाच्या लांबीने ठरवली. याचं मला हसू येतं.

आता प्रकाशक चाळीस वर्षांची खास आवृत्ती काढतोय. त्याला माझं टिपण हवंय, 'मी कशी लिहिते' यावर. वीस मार्चपर्यंत. पुरस्काराचा कार्यक्रम अठ्ठावीसला, तिथेही तेच बोलायचं. मला वाटतं, एकदाचं खरं सांगून टाकावं आणि ती आठ पानं परत पुस्तकात घालावी.

पण ती पानंच नाहीत. हस्तलिखित खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताखाली शाईने बरबटून फेकलं गेलं. आणि लाज वाटते सांगायला, मला आठवतही नाहीत. आई परत येते एवढं आठवतं. कशी येते, काय बोलते, कोण दार उघडतं, काही नाही. माझ्याच पुस्तकाचा शेवट मला माहीत नाही.

तुझ्याकडे तो फर्मा आहे का?

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

दारात काळ उभा आहे म्हणे. दूधवाला असेल.

माझ्याकडे फर्माबिर्मा नाही. शोधलं नाही, पण नाही.

आता तू 'कशी लिहिते' म्हणून डोकं खाजवत बसणार, म्हणून माझ्या अकलेप्रमाणे सांगते, टिपणात घाल नाहीतर चुलीत घाल. मी एकतीस वर्षं लोकांची पुस्तकं हाडाच्या पट्टीने दुमडली. आम्ही ती वाचायचो, पण पहिल्यापासून नाही. छापून येईल तसा फर्मा हातात. आधी सातवा, मग दुसरा, मग अकरावा. बाई आधी मरायची, मग तिचं लग्न व्हायचं, मग ती शाळेत जायची. कथेचं कुतूहल असं उरतच नव्हतं. त्यामुळे लिहिणारा कुठे खोटं बोलतोय ते चटकन दिसायचं. मधल्या फर्म्यांत माणूस बरा असतो. पहिल्यात अंगात नवे कपडे असल्यासारखा चालतो. आणि शेवटच्यात तर विचारूच नकोस. पाहुणा निघतो म्हणून उठला, चपला घातल्या, आणि मग उंबऱ्यात अर्धा तास उभा राहून 'बरं का, मला काय म्हणायचं होतं' चाललंय. शंभरातले नव्वद तसे. तुझाही तसाच होता. गळला ते बरं झालं. देवाने तुला उंबऱ्यातून वेळेवर बाहेर काढलं.

नावाचं म्हणशील तर, नाव झालं की माणसाला वाटतं आपण हे ठरवूनच केलं. आमच्या खात्यातली जाडी बाई एकदा पाय घसरून खळीच्या टोपात बसली. सगळ्या हसल्या, तर दुसऱ्या दिवसापासून तीच सांगायला लागली की मी तुम्हाला हसवायला बसले. हसू नकोस, तू तीच आहेस.

एक विचारायचं होतं. चाळीस वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय. त्या आठ पानांत ती बाई दारात उभी राहते, तिच्या हातात बुटांचा खोका असतो. लहान मापाचे बूट, पोरीच्या पायात न मावणारे. हे तुला कुणी सांगितलं?

गुडघा ठीक. औषध घेते, घेत नाही.

मावशी


१ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. जाडी बाई वाचून हसून घेतलं, ते तुला मान्य असो नसो.

पण बूट! बुटांचा खोका मला अजिबात आठवत नव्हता. तू लिहिलंस आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. हो, लिहिलं होतं मी तसं. तू म्हणतेस पानं नाहीत, शोधलीही नाहीत, आणि खोक्यातल्या बुटांचं मापसुद्धा तुझ्या ध्यानात आहे?

मला कुणीच सांगितलं नाही. कोण सांगणार? मनाने रचलं. आई मला सात वर्षांची असताना तुझ्याकडे 'आठ दिवस' म्हणून ठेवून गेली. मग ती परत आली तर सात वर्षांच्याच पायाचे बूट आणणार, तिच्या मनात माझा पाय वाढलेलाच नसणार. असा हिशोब मी चोवीस वर्षांची असताना मांडला असेन. लोक विचारतात, तुम्हाला सुचतं कसं? मी खांदे उडवते. खरंच माहीत नसतं गं. कुठून तरी हाताला लागतं.

पण तू का विचारतेस? मनाने रचलेल्या गोष्टीबद्दल 'कुणी सांगितलं' असं कुणी विचारतं का?

मावशी, आई आली होती?

मी तेरा वर्षांची असताना ती दुसऱ्या गावी वारल्याचं पत्र आलं, त्याआधी कधी? तिची काही चिठ्ठी, काही निरोप? मला एवढंच सांगायचंस, हो की नाही.

भिंगरी


१५ मार्च

मावशी,

दोन आठवडे झाले. तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मावशी ठणठणीत आहेत, रोज एकेक फळी रिकामी करतात, डबे खाली काढून ठेवलेत आणि कुणाला हात लावू देत नाहीत. ऐंशी उलटल्यावर स्टुलावर चढू नकोस.

टिपण मी तीनदा लिहून फाडलं. प्रकाशकाला द्यायला पाच दिवस उरलेत. पण टिपण गेलं खड्ड्यात. हो की नाही?

भि.


१८ मार्च

भिंगरे,

स्टुलावर नाही चढले, खुर्चीवर चढले. शिवणवालीला सांग, स्वतःच्या सुईकडे लक्ष द्यावं.

पत्रासोबत फर्मा आहे. वरच्या फळीवर डब्यांखाली अंथरला होता. रद्दीतून मी चार-पाच उचलून आणलेले, फळ्यांना कागद हवेच होते. बाकीचे कुजले, हा एक राहिला. तेलाच्या डब्याचं गोल त्याच्यावर उमटलंय, पण त्या गोलातूनही वाचता येतं. कडा कापलेल्या नाहीत, सुरीने कापून घे. दातांनी फाडू नकोस, लहानपणी फाडायचीस तशी.

आता हो.

आली होती. तू अकराची होतीस, खालच्या मैदानात दोरीवर उड्या मारत होतीस. दुपारची वेळ. कडी वाजली. मी दार अर्धं उघडलं तर ही. उन्हातून चालत आलेली, केस चपटे, हातात बुटांचा खोका. म्हणाली, तिला बघायला आले. मी विचारलं, बघायला की न्यायला? ती बोलली नाही. माझी सख्खी बहीण, तिचं न बोलणं मला वाचता येतं. खोक्याचं झाकण उघडून तिने बूट दाखवले. मी म्हटलं, यात तिचा पाय मावणार नाही. आणि दार लावलं.

तुझी परीक्षा होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. परीक्षा होती खरी, पण पुढच्या महिन्यात होती. मला वाटलं तू जाशील. एवढंच होतं.

दाराच्या आत मी उभी, बाहेर ती. किती वेळ ते मोजलं नाही. मग पायऱ्यांवर तिची पावलं वाजली. दोन वर्षांनी ती गेल्याचं पत्र आलं.

मग तू मोठी झालीस, कादंबरी लिहिलीस, आणि तुझा शेवटचा फर्मा दुमडायला माझ्याच हाताखाली आला. वाचते तर दारात बाई, हातात खोका, लहान बूट. पट्टी ठेवली आणि पुन्हा वाचलं. वाटलं, पोरीला कळलंय. खिडकीतून बघितलं असेल, नाहीतर कुणी सांगितलं असेल, आणि तोंडाने विचारायचं सोडून पाचशे प्रती छापून विचारतेय.

पण तेही चाललं असतं. तू पुढे काय लिहिलं होतंस? पोरीची मावशी दार सताड उघडते. बहिणीला आत घेते. पाणी देते. म्हणते, बस, पोर येईलच इतक्यात. आणि मग सगळ्या गळ्यात गळे घालून रडतात, पाच पानं.

तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी गुमान दुमडल्या असत्या. तू मला दार उघडायला लावलंस. मी उघडलं नव्हतं.

आता काय ते कर. छापायचं तर छाप.

मावशी


३० मार्च

मावशी,

लगेच लिहिलं नाही, कारण मी रागावले होते. अजून आहे. आधी दोन दिवस नुसती खोल्यांतून फिरले. मला सांगायचं होतंस तू. अकराची असताना नाही, निदान चोवीसची असताना. ती दारापर्यंत आली होती एवढं जरी कळलं असतं तरी मी वेगळी मुलगी झाले असते. बरी की वाईट माहीत नाही, पण वेगळी. मी अख्खं आयुष्य 'ती आलीच नाही' या एका गोष्टीवर बारा पुस्तकं लिहिली. आणि ती आली होती.

आणि दार अर्धं उघडून उभी असलेली तू, हेही डोळ्यांपुढून जात नाही. एकतीस वर्षांची. माझ्या मुलीपेक्षाही लहान. 'मला वाटलं तू जाशील.' मी गेले असते का? खूप विचार केला. गेले असते, मावशी. धावत गेले असते. म्हणजे तू बरोबर ओळखलं होतंस, त्याने राग कमी होत नाही.

मग फर्मा कापला, सुरीने. वाचला. तो वाईट आहे! तुझ्या त्या उंबऱ्यातल्या पाहुण्यासारखा. सगळ्यांना माफ करून टाकायची घाई झालेल्या पोरीने लिहिलेला. त्यातली आई खोटी आहे, मुलगी खोटी आहे. बूट तेवढे खरे आहेत. मी छापणार नाही. तेलाच्या गोलासकट माझ्याकडे ठेवणार.

पण खोटं बोलायचाही वीट आला होता. म्हणून टिपण पाठवलंच नाही आणि अठ्ठावीसला उभी राहिले ती सरळ सांगायला. सभागृह गच्च भरलेलं. मी म्हटलं, माझ्या पहिल्या कादंबरीचा तो प्रसिद्ध शेवट मी केलेला नाही. शेवटचा फर्मा स्टुलावर राहिला, म्हणून पुस्तक तिथे संपलं. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

लोक हसले. मला वाटलं पुढे शांतता होईल, तर टाळ्या! अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, 'हा विनय आता दुर्मीळ झालाय.' चहाच्या वेळी ते प्रबंधवाले गृहस्थ आले, 'स्टूल' हे फार सुंदर प्रतीक आहे म्हणाले. मी म्हटलं, अहो, लाकडी होतं, तीन पायांचं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तीन पायांचं.

चाळीस वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी मानलं, आणि एकदा खरं बोलले तर म्हणे काय कल्पनाशक्ती. मला हसू आवरेना. प्रसाधनगृहात जाऊन हसले, आणि मग तिथेच थोडी रडले.

आता दोनच प्रश्न. त्या बुटांचं काय झालं? आणि दुसरा तुला माहीत आहे. गठ्ठा स्टुलावर जागा नव्हती म्हणून गेला, की तू तो फर्मा वाचलास म्हणून गेला? खरं सांग. मी कुणाला सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, हे तर सिद्धच झालंय.

पुढच्या महिन्यात येतेय. भांडायला येतेय, सांगून ठेवते. दार उघड.

भिंगरी


६ एप्रिल

भिंगरे,

तीन पायांचं नव्हतं, चार पायांचं होतं. एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा लावलेला. त्या वहीवाल्याला कळव.

भांडायला ये. रागावलीस ते बरं झालं. तू लगेच माफ केलं असतंस तर मी म्हटलं असतं की पोरगी अजून शेवटचा फर्माच लिहितेय. दार उघडं असेल. तसंही आता कडी नीट लागत नाही, ढकललं की उघडतं.

बुटांचं विचारलंस. बूट ती वरच्या पायरीवर ठेवून गेली. खालच्या बिऱ्हाडातल्या धाकटीला दिले, तिने फाटेपर्यंत घातले. खोका मी ठेवला. दोऱ्याची रिळं, सुया, मेण, पट्टी, सगळं त्यातच असायचं. शिवणकाम घरी आणायचे तेव्हा तूच काढून द्यायचीस ना मला त्यातून, समोर मांडी घालून बसून? झाकणाच्या कडेला मापाचा आकडा छापलाय, बारका. त्या मापाचा पाय आपल्या घरात नव्हता. एकदा तू विचारलंही होतंस, मावशी, हे कुणाचे बूट होते? मी म्हटलं, सुईत दोरा ओव.

तू म्हणतेस मनाने रचलं. असेल बाई. तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही.

खोका अजून आहे. हवा तर घेऊन जा, सुया काढून ठेवते.

राहिलं स्टूल. पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं ते सोड. ते स्टूल मीच आणलं, माझ्या हाताने आणलं, आणि खिडकीपाशी मीच ठेवलं. गठ्ठाही मीच ठेवला. टेबलावर जागा नव्हती हेही खरं आहे, आणि फर्मा मी आदल्या दिवशी वाचला होता हेही खरं आहे. यातलं कुठलं आधी आणि कुठलं मागून, ते मला पक्कं माहीत आहे. तुला सांगणार नाही. आलीस तरी सांगणार नाही, रडलीस तरी नाही, आणि मी मरायला टेकले तेव्हा उशाशी बसून विचारलंस तर तोंड फिरवीन.

नाही म्हणजे नाही.

मावशी